शेवंती तुमच्या पडवीत चालायला लागली

अक्का, तुमच्या दहाव्याला नदीवर तेजू रडत होती तेव्हा मी तिच्याकडे बघत उभी होते. पोरीला हुंदका आवरत नव्हता. ओढणीचं टोक तोंडात धरून ती रडत होती. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? मी गेल्यावर ही अशी रडेल का? चुलतीसाठी पोरीनं एवढं पाणी काढलं, तर आईच्या वाटणीला काय उरेल? बाया मला धरायला आल्या. त्यांना वाटलं, जाऊ गेली म्हणून ही सुन्न झालीय. सुन्न तर मी होतेच. पण त्या घडीला मी तुमचा हेवा करत होते. गेलेल्या माणसाचा कुणी हेवा करत नाही म्हणतात. मी केला.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "मंदे, तुझं आपलं कायतरीच."

तुमचं हे "कायतरीच" मी पंचवीस वर्षं ऐकलं. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच राहिलं. आपल्या गावात, निमोण्यात, कुणीही आलं की आधी तुमच्या पडवीत टेकायचं, पाणी प्यायचं, आणि जाता जाता माझ्या दारात "काय मंदाबाई, बरं हाय ना?" एवढंच. मी सकाळी पावणेसहाची कंपनीची बस धरायचे, सणसवाडीला पॅकिंगला. संध्याकाळी परत यायचे तेव्हा गावातल्या सगळ्या गोष्टी घडून गेलेल्या असायच्या. त्या मला तुमच्याकडून कळायच्या.

तेजू पाच महिन्यांची होती, तेव्हापासून मी तिला तुमच्या मांडीवर ठेवून जायला लागले. ती बोलायला लागली तेव्हा तुम्हाला "अक्का" म्हणायची आणि मला "मंदा". तुम्ही मला मंदा म्हणायचा, म्हणून. तिला वाटायचं, हीच दोघींची नावं. तीन वर्षांची होईतोवर माझ्या लेकीनं मला नावानं हाक मारली. सगळे हसायचे, मीही हसायचे. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. तुम्ही तिच्या पाठीत चापट मारायचा, "आय म्हण, आय." तुमचं ते सांगणंही मला टोचायचं. माझ्या पोरीला आई म्हणायला तुम्ही शिकवणार?

म्हणून शेवंती आली तेव्हा मी तिला घट्ट धरलं. शेवंतीची फुलं तोडायचे दिवस होते. सरीत एक पिवळट पिल्लू सापडलं, डोळे नुकते उघडलेलं. आई कुठं दिसेना. मी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून ते जगवलं. तुम्ही केरसुणी घेऊन उभ्या होतात. "कुत्रं घरात नको. आन् नाव तरी काय, शेवंती म्हणं! देवाला वाहायचं फूल ते." तुम्ही तिला पडवीचा उंबरा कधी शिवू दिला नाही. मला मनातून बरं वाटायचं. तुम्हाला ती आवडत नव्हती, म्हणूनच ती मला जास्त आवडायची. तेजू नर्सिंगला पुण्याच्या होस्टेलवर गेली, आणि संध्याकाळी बसच्या थांब्यावर शेवंती येऊन बसायला लागली. बसमधल्या बाया म्हणायच्या, "मंदा, तुझी वाट बघतीय बघ." इतक्या वर्षांत माझी अशी वाट कुणी बघितली नव्हती.

यंदा संक्रांत झाली आणि तिचा पाय गेला. सशाच्या मागं धावताना ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि तिनं गिरकी खाल्ली. परत आली ती तीन पायांवर, मागचा उजवा उचलून धरलेला. शिरूरला नेलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. दहा दिवस झाले तरी पाय खाली टेकेना. आमचे हे म्हणाले, "कुत्रंच ते. तीन पायांवर बी जगल." तुम्ही पडवीत लसूण सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "दौंडाला न्या तिला. आमच्या दादाची गाय तिथल्या डॉक्टरनं वाचवली. ते कुत्र्याचं बी बघत्यात."

दुसऱ्या दिवशी पिकअप काढली. तुम्ही म्हणालात, मला वाटेत केडगावात माहेरी सोडा. शेवंतीला मी मांडीवर घेऊन बसले होते. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता खराब लागला, ती कण्हायला लागली, तेव्हा तुम्ही न सांगता तिच्या कंबरेखाली हात घातलात. भीमेचा पूल गेला, चौफुला गेला, केडगाव आलं. ह्यांनी गाडी हळू केली. तुम्ही म्हणालात, "चल की पुढं. आता हात काढला तर ती वरडंल."

डॉक्टरांनी तिला आडवं निजवून गुडघा दोन्ही हातांत धरला आणि हळूच पुढं ओढून बघितला. म्हणाले, "हे हाड सरकतंय बघा. आतला लिगामेंट तुटलाय. क्रिकेट खेळणाऱ्यांचा तुटतो ना, तोच. गोळ्यांनी जोडला जायचा नाही, ऑपरेशन करावं लागेल." पुण्याहून एक सर्जन आठवड्यातून एकदा येत, ते करणार होते. गुडघ्याच्या बाहेरून जाड धागा घालून सांधा आवळून घ्यायचा. पण डॉक्टरांनी बजावलं की ऑपरेशन निम्मं काम. बाकीचं निम्मं घरी. तीन महिने पळायचं नाही, उडी नाही, पायरी नाही. घसरली तर सगळं वाया.

"घरी पायऱ्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

"सात," मी म्हणाले.

"आणि फरशी कसली?"

नवं घर बांधताना मीच हट्टानं ती चकचकीत फरशी घातली होती. तुम्ही म्हणालात, "माझ्या पडवीत ऱ्हाईल ती. जमीन सारवलेली हाय, घसरायचं भ्या न्हाई. आन् ही तर दिसभर कामावर असती."

पाच वर्षं जिला उंबरा शिवू दिला नाहीत, तिला तुम्ही पडवीत घेतलं. मी आभार मानायला हवे होते. मला एवढंच ऐकू आलं : ही तर दिवसभर कामावर असते.

ऑपरेशन झालं. शेवंती, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून, अर्धा पाय भादरलेला, टाके पडलेली अशी घरी आली, आणि तुम्ही कामाला लागलात. पहिले काही दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून गुडघ्यावर धरायचा, मग पुढं ऊन पाण्यानं शेकायचं. पाय हातात घेऊन अलगद दुमडायचा, सोडायचा. ती उभी राहायला लागली तेव्हा तुम्ही तुमच्या जुन्या नऊवारीची पट्टी फाडली आणि तिच्या पोटाखालून घालून वर धरली, म्हणजे मागचा भार तुमच्या हातावर. दिवसातून चार वेळा पाच पाच मिनिटं चालवायचं होतं. तुम्ही घड्याळ बघत नव्हतात. एका हातात ती पट्टी आणि एका हातात जपमाळ. माळ संपली की शेवंतीचं चालणं संपलं.

मी संध्याकाळी बसमधून उतरायचे. थांब्यावर कुणी नसायचं. पडवीत आले की शेवंती जागेवरून शेपूट हलवायची, मला हुंगायची, आणि पुन्हा तुमच्या पावलावर हनुवटी ठेवायची. तुम्ही पाय काढून घ्यायचा. "जा ना गं, तुझी आय आलीय." तिला तसं ढकलावं लागत होतं, अक्का. ढकललेलं कुत्रं माझ्याकडं यायचं, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळ्यांनी तुमच्याकडं बघायचं. मी घरातून तिच्यासाठी अंडं उकडून आणायचे. डॉक्टरांनी वजन वाढू द्यायचं नाही असं सांगितलेलं मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही रात्रीच्या तिच्या भाकरीतून तेवढा तुकडा कमी करायचा. मी बघितलं होतं.

मग तो गुरुवार आला. गुरुवार माझ्या सुट्टीचा वार. सकाळी तुम्ही अंगणातून हाक मारलीत, "मंदे, ये बरं इकडं. आज ती पाय टेकवील असं वाटतंय." मी चहा ठेवून आले. तुम्ही पट्टी सैल सोडलीत. शेवंती एक पाऊल पुढं आली, थांबली, आणि तो उजवा पाय तिनं खाली टेकवला. आधी नुसती बोटं, मग सगळा पंजा. माझ्याकडं बघत. मी खाली बसून रडले. तुम्ही म्हणालात, "बघ, तुझ्यासाठीच थांबली हुती." त्या दिवशी मी गोडाचा शिरा केला आणि सगळ्यांना वाटला. आधी तुम्हाला दिला.

शनिवारी आबा आमच्याकडं जेवायला बसले होते. तुमचे मालक, साधं माणूस, पोटात काही राहत नाही. मी पुन्हा तीच गोष्ट सांगत होते, गुरुवारी तिनं कसा पाय टेकवला. आबा म्हणाले, "मंगळवारपास्नंच टेकवतीया की. ही म्हणली, मंदीला सांगू नका."

माझा घास हातातच राहिला. मी उठून तुमच्या पडवीत आले. तुम्ही शेवंतीचा गुडघा शेकत होतात.

"मंगळवारी टेकवला पाय?" मी विचारलं.

तुम्ही हात थांबवला नाही. "टेकवला आसंल."

"मग मला खोटं का दाखवलं?"

"त्यात काय खोटं? तुझ्याम्होरं टेकवला न्हाई व्हय?"

"मला भीक घालता काय, अक्का? माझी कुत्री, माझा आनंद, आन् तो बी तुमच्या हातनं उष्टा?"

आवाज चढला. आबा मागं येऊन उभे होते, आमचे हे दारात आले. तुम्ही फडकं पिळून बाजूला ठेवलंत. म्हणालात, "मंदे, तू दिसभर तिकडं उभी असतीस. इथं काय घडतं ते तुला बघाय मिळत न्हाई. म्हणून..."

"म्हणून काय?"

मी शेवंतीला उचललं, पट्टीबिट्टी तिथंच टाकली, आणि सात पायऱ्या चढून माझ्या घरात नेलं.

चार दिवसांची रजा टाकली. फरशीवर गोण्या अंथरल्या. दोन दिवस सगळं ठीक चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अंगणात झाडत होतात. तुमच्या बांगड्या वाजल्या आणि शेवंती उठली. मी हाक मारेपर्यंत ती गोणीवरून उतरून दाराकडे निघाली, फरशीवर तिचे मागचे पाय फाकले आणि ती कुशीवर पडली. ती किंकाळी तुम्हीही ऐकलीत. केरसुणी पडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. पण तुम्ही पायरीशी येऊन थांबलात. वर आला नाहीत. मी बोलवायची वाट बघत उभ्या राहिलात.

मी तिला घेऊन खाली आले. मला वाटलं होतं, आता तुम्ही बोलाल. तुमचा हक्कच होता. तुम्ही फक्त हात पुढं केलेत. "आण इकडं."

डॉक्टरांना फोन केला, गुडघ्याचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी आठ दिवस सक्तीची विश्रांती सांगितली. धागा तुटला नव्हता. नशीब म्हणा. तुम्ही म्हणालात, "देवानं राखलं." माझ्या चुकीचं नाव तुम्ही तेव्हाही घेतलं नाहीत, नंतरही नाही. घेतलं असतंत तर मला भांडता आलं असतं.

पुढल्या आठवड्यात बसमध्ये खिडकीशी बसले होते, आणि अचानक मला तेजूचं पहिलं पाऊल आठवलं. तोही गुरुवारच होता. माझी सुट्टी. तेव्हाही तुम्हीच अंगणातून हाक मारली होती. तुम्ही तेजूला खाली सोडलंत आणि ती चार पावलं टाकत माझ्या अंगावर येऊन आदळली. तेजूच्या लहानपणातलं तेवढं एक माझं होतं. तिचं पहिलं हसणं तुम्ही बघितलं, पहिला दात तुम्हाला लागला, पण पहिलं पाऊल मी बघितलं. वीस वर्षं मी हे प्रत्येकाला सांगत आले. आणि त्या दिवशी सणसवाडीचा फाटा येईपर्यंत तोच विचार करत राहिले. तेही तुम्ही मला दाखवलेलं होतं का? तेही मंगळवारचं होतं का?

विचारायचं रोज ठरवायचे. संध्याकाळी पडवीत येऊन बसायचे. तुम्ही शेवंतीला चालवायचा, माळेचे मणी सरकायचे. मी विचारलं नाही. "हो" म्हणालात तर काय करू, ही भीती. "नाही" म्हणालात तर विश्वास बसला नसता. दीड महिना मी तुमच्याशी भाजीपाल्याचं बोलले, तेजूच्या परीक्षेचं बोलले. आणि मग एका दुपारी कंपनीत फोन आला की अक्का बसल्या जागी गेल्या. पट्टी हातातच होती म्हणे. शेवंती शेजारी उभी होती, चारी पायांवर.

म्हणजे शेवटच्या घटकेलाही तुमच्याजवळ तीच होती. मी नव्हते. कामावर होते.

तेराव्यानंतर एक दिवस आबा पडवीत एकटे बसले होते. मी चहा दिला आणि धीर करून विचारलं, "आबा, तेजूनं पहिलं पाऊल कवा टाकलं, काय आठवतंय का?"

त्यांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, "आता वीस वर्सांचं कोण सांगनार पोरी? पर एक ध्यानात हाय. त्या आठवड्यात ही पोरीला काखेतनं खाली उतरूच देईना. चुलीम्होरं बी काखेत, हिरीवर बी काखेत. मी म्हणलं, अगं टेकव की तिला, कंबार मोडल तुझी. पोरगी पाय झाडतीया चालायला. तर म्हणली, गुरुवारपतोर थांबा."

खरं सांगते अक्का, आधी मला रागच आला. म्हणजे त्यातही तुमचाच हात. मग मी आत जाऊन बसले आणि डोळ्यांपुढं तुम्ही दिसलात. चालायला आतुर झालेलं, लाथा झाडणारं वर्षाचं पोर काखेला मारून चुलीपुढं बसलेल्या. शेवंतीला काखेत धरता आलं नाही, म्हणून तिच्या बाबतीत नुसतं गप्प बसलात. पण तेजूला तुम्ही खरंच जमिनीला पाय लावू दिला नाहीत. तिचं पहिलं पाऊल खरंच माझ्यासमोर पडलं.

आणि तरी हेवा गेला नाही. उलट आता नीट कळलं तो कशाचा आहे. तुमच्या जागी मी असते, तर मी पोरीला खाली सोडलं असतं, बघितलं असतं, आणि सगळ्या गावाला सांगत सुटले असते. माझ्याच्यानं चार दिवस थांबणं झालं नसतं. मला वाटत होतं, तुम्ही माझं घेता. तुम्ही माझं राखून ठेवत होतात, आणि ते मला येत नव्हतं. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर म्हणाला असता, कायतरीच.

त्यानंतरचे दिवस मी शेवंतीला चालवलं. सकाळी बसच्या आधी, संध्याकाळी उतरल्यावर. दुपारचं आबा करायचे. मी तुमच्याच पडवीत झोपायला लागले, कारण ती वर यायला तयार नव्हती. चालता चालता ती तुमच्या बाजेपाशी थांबते. मीही थांबते. तिला ओढत नाही. ती माझ्याकडं येते, आता ढकलावं लागत नाही, पण ती मला तुमच्यानंतरची म्हणूनच ओळखते. हे मला कळतं. दुखतंही.

तीन महिने झाले तेव्हा तिला दाखवायला दौंडला नेलं. बाहेर बाकावर आम्ही बसलो होतो. आतल्या माणसानं कागद घेऊन पुकारलं, "शेवंती! मालक, पार्वताबाई."

मी इकडंतिकडं बघितलं. मग लक्षात आलं, पहिल्या दिवशी मी कुत्रीला धरून होते तेव्हा नाव विचारलं गेलं आणि उत्तर तुम्ही दिलं असणार. तीन महिने माझी कुत्री दवाखान्यात तुमच्या नावावर होती. उठताना छातीत ती जुनी कळ आलीच.

डॉक्टरांनी गुडघा दुमडला, सोडला, मांडी चाचपली. तिला अंगणात चालवून बघितलं. म्हणाले, "उत्तम. मांडी भरून आलीय. ज्यांनी चालवलं, त्यांनी मन लावून चालवलंय. त्या मावशी नाही आल्या आज?"

ह्यांनी खाली बघितलं. मी सांगितलं. डॉक्टरांनी कागद पुढं घेऊन विचारलं, "मग मालकाचं नाव बदलून घेऊ का? तुमचं लिहू?"

शेवंती माझ्या पायाशी उभी होती. अक्का, मी विचार केला. थोडा जास्तच वेळ केला.

"त्यांचं राहू द्या," मी म्हणाले. "खाली माझं बी लिहा."